अंगावर गोंदलेलं गोत

कल्याणच्या एसटी स्थानकातून दुपारी मुरबाडकडे सुटलेल्या गाडीत उभ्यानं जायची वेळ आली, तर वरच्या दांड्याला धरलेले हात जरा निरखून बघा. एक हात विशीतल्या मुलाचा असतो. बाहीखालून दंडावर काळाभोर पट्टा उतरलेला: शार्कचे दात, भाल्याची टोकं, नेचाच्या कोवळ्या पानाचं वेटोळं. डोंबिवलीतल्या एखाद्या स्टुडिओत तासन् तास बसून त्यानं हा ‘माओरी बँड’ करून घेतलेला असतो. शेजारी दुसरा हात असतो, बाजार करून पाड्यावर परतणाऱ्या ठाकर आजीचा. मनगटापासून कोपराकडे गेलेल्या हिरवट ठिपक्यांच्या रांगा, त्यांच्यामध्ये तुळस, खाली विंचू. दोन हातांत अंतर वीतभर. एका नक्षीचं माहेर बारा हजार किलोमीटरांच्याही पलीकडे, पॅसिफिक महासागरातल्या बेटांवर. दुसरीचं माहेर समोर दिसणाऱ्या डोंगरात.

गावाकडे अनोळखी पोर दिसली की म्हातारी माणसं आधी नाव विचारत नाहीत. ‘कुणाची गं तू?’ असं विचारतात. बाप कोण, आई कुठली, गाव कोणतं, हे सगळं त्या एका प्रश्नात आलं. जगाच्या दोन टोकांना, एकमेकांची काहीच खबर नसताना, माणसांनी या प्रश्नाचं उत्तर थेट अंगावर लिहून ठेवलं. आणि दोन्हीकडे लिहिलं ते काजळीनंच.

चेहरा हीच सही

१८२०च्या दशकात न्यूझीलंडचा ‘ते पेही कुपे’ नावाचा एक माओरी सरदार जहाजानं इंग्लंडला पोचला. लिव्हरपूलमध्ये एका चित्रकारानं त्याचं चित्र काढायला घेतलं, तेव्हा सरदाराचं लक्ष एकाच गोष्टीकडे होतं: चेहऱ्यावरच्या रेघा जशाच्या तशा उतरताहेत ना? पुढे त्यानं स्वतःच लेखणी उचलली आणि आरशात न पाहता आपल्या चेहऱ्यावरचा एकेक वळसा कागदावर काढून दाखवला. तेवढ्यावर तो थांबला नाही. भावाच्या आणि मुलाच्या चेहऱ्यावरची नक्षीही त्यानं आठवणीतून काढून दिली.

आपल्याला आपलं नाक नेमकं कसं आहे हे आरशाशिवाय धड सांगता येणार नाही. त्याला मात्र घरातल्या माणसांचे चेहरे रेघेनं रेघ पाठ होते, कारण त्या रेघांतच घराण्याची वंशवेल होती. माओरी लोक या गोंदणाला मोको म्हणतात. पुरुषांना ते पूर्ण चेहऱ्यावर असे, स्त्रियांना ओठांवर आणि हनुवटीवर. कपाळ, भुवया, नाक, गाल, हनुवटी यांपैकी प्रत्येक जागेला आपापला विषय ठरलेला होता: घराणं, दर्जा, पराक्रम. साधारणपणे चेहऱ्याच्या एका बाजूवर वडिलांकडचं कूळ वाचता येई, दुसऱ्या बाजूवर आईकडचं. टोळीटोळीनुसार यात फरक असे, पण एका माणसाचा मोको दुसऱ्याला कधीच चालत नसे. म्हणूनच ६ फेब्रुवारी १८४० रोजी ब्रिटिश राजसत्ता आणि माओरी सरदार यांच्यात वैतांगीचा करार झाला आणि पुढच्या काही महिन्यांत पाचशेहून अधिक सरदारांनी त्यावर मान्यतेच्या खुणा केल्या, तेव्हा काहींनी सहीच्या जागी आपल्या मोकोचाच एक तुकडा रेखाटला.

हे काम व्हायचं कसं? अल्बाट्रॉस या समुद्रपक्ष्याच्या हाडाची बारीक छिन्नी करायची, ती कातडीवर टेकवायची आणि वरून लाकडी दांडक्यानं ठोकायची. तिथे सुई टोचत नव्हती, छिन्नी कातडी कापत जात होती. त्यामुळे जुन्या मोकोवर बोट फिरवलं तर खाचा हाताला लागत. काजळी डिंक आणि राळ जाळून धरलेली असे. आणखी एक काजळी तर विलक्षणच. न्यूझीलंडच्या जंगलात जमिनीखाली राहणाऱ्या एका सुरवंटाला बुरशी लागते. सुरवंट मरून लाकडासारखा टणक होतो आणि त्याच्या डोक्यातून बुरशीचा कोंब मातीबाहेर डोकावतो. तो सुकलेला सुरवंट उकरून, जाळून त्याचा काळा रंग करत. काम चाललेलं असेतोवर तो माणूस कडक सोवळ्यात असे. त्यानं अन्नाला हात लावायचा नाही. सुजलेल्या ओठांत कोरीव लाकडी नरसाळ्यातून पातळ अन्न सोडलं जाई.

ही विद्या आली कुठून? माओरी पुराणकथा म्हणते, पाताळातून. माताओरानं रागाच्या भरात बायकोवर, निवारेकावर, हात उगारला. ती तडक पाताळात बापाच्या घरी निघून गेली. पश्चात्तापानं पोळलेला माताओरा तिच्यामागे गेला. तिथे त्याचा सासरा उएतोंगा एका माणसाच्या चेहऱ्यावर छिन्नीनं नक्षी कोरत बसला होता. माताओराच्या चेहऱ्यावरची नक्षी तेव्हा नुसती रंगवलेली होती. सासऱ्यानं हात फिरवला, तशी ती पुसून गेली. सगळे हसले. मग माताओरानं खरी नक्षी कोरून घेतली, वेदना सोसल्या, बायकोची क्षमा मागितली आणि तिला घेऊन वर आला. येताना मोकोची विद्या आणली. या गोष्टीत पुसता न येणारी खूण मिळते ती चूक कबूल करून सुधारलेल्या माणसाला. मोकोची जबाबदारी किती मोठी मानली जाते, ते एवढ्यावरून कळावं.

बायकांना की पुरुषांना?

पॅसिफिकमधली सगळी बेटं एकाच पद्धतीनं गोंदत नाहीत. समोआत पुरुषाला कमरेपासून गुडघ्यांपर्यंत भरगच्च ‘पेआ’ असतो आणि स्त्रीला मांड्यांवर विरळ, नाजूक ‘मालू’. तिथलं हत्यार म्हणजे दातेरी हाडाचा छोटा कंगवा. मदतनीस दोन्ही बाजूंनी कातडी ताणून धरतात, गोंदणारा लयीत कंगवा ठोकत जातो आणि घरची माणसं धीर द्यायला भोवती बसलेली असतात. पेआ पुरा व्हायला अनेक बैठका लागतात. तो अर्ध्यावर सोडणं म्हणजे घराण्याला खाली पाहायला लावणं. मिशनरी आले, बोलले, रागावले, तरीही समोआत ही परंपरा कधी तुटली नाही.

तिथली एक कथा फार गोड आहे. ताएमा आणि तिलाफाइगा या जुळ्या बहिणी फिजीहून गोंदायची हत्यारं घेऊन पोहत समोआकडे निघाल्या. ‘बायकांना गोंदा, पुरुषांना नको’ असं गाणं त्या घोकत होत्या. वाटेत पाण्याखाली एक सुंदर शिंपला दिसला, म्हणून त्यांनी बुडी मारली. वर येईतो गाण्याचे शब्द उलटे झाले होते: ‘पुरुषांना गोंदा, बायकांना नको’. ही नुसती गंमत समजू नका. फिजीत गोंदण खरोखरच बायकांचं होतं. गोंदणाऱ्या बायका आणि वयात येणाऱ्या मुली गोंदवून घेणाऱ्या. शेजारच्या दोन बेटांच्या रीती अशा उलट का, याचं उत्तर लोकांनी त्या एका बुडीत शोधलं.

बहिणींनी ती बुडी मारली नसती तर समोआ जिथे पोचलं असतं, तिथेच आपला सह्याद्री आहे. आपल्याकडे गोंदण हे बायकांचं राज्य.

काढून घेता न येणारा दागिना

ठाणे जिल्ह्याच्या नकाशावर मुरबाड आणि शहापूरच्या डोंगरपट्ट्यात ठाकर, कातकरी, महादेव कोळी आणि वारली यांचे पाडे आहेत. खाली खाडीकडे आगरी-कोळ्यांची गावं. कल्याण-डोंबिवली आज इमारतींनी भरून गेली, तरी तिच्या पोटातली जुनी गावठाणं आगऱ्यांचीच आहेत. या घरांतल्या सत्तरी ओलांडलेल्या आज्यांचे हात पाहा. कुठे तुळशीवृंदावन, कुठे कमळ, कुठे मासा, कुठे नवऱ्याचं किंवा भावाचं नाव. कपाळावर कुंकवाच्या जागी ठिपका किंवा चंद्रकोर, हनुवटीवर एक ठिपका.

गोंदणारी घरी यायची. सुया, पोत, मणी, बिब्बे विकत गावोगाव हिंडणाऱ्या भटक्या समाजांतल्या बायकांकडे हे कसब होतं. मुलगी सात-आठ वर्षांची झाली की लग्नाआधी केव्हातरी तिला समोर बसवायचे. आजी किंवा मावशी हात घट्ट धरायची. गोंदणारी काडीनं आधी नक्षी काढून घ्यायची, मग दोऱ्यानं एकत्र बांधलेल्या दोन-तीन सुयांनी भराभर टोचत जायची. दिव्याची काजळी झाडपाल्याच्या रसात कालवलेली असे. पोर कळवळली की गोंदणारी गाणं धरायची, ओट्यावरच्या बायका तिला साथ द्यायच्या. काम झालं की वर हळद आणि तेल. मजुरी म्हणून पायलीभर भात, नारळ किंवा जुनं लुगडं. दोन-चार दिवसांनी खपली धरायची, ती पडली की खालून हिरवी तुळस वर यायची, ती जन्मभरासाठी.

आदिवासी बायकांना विचारलं तर गोंदण कशासाठी याचं उत्तर सरळ मिळतं. मेल्यावर सोबत येणारा हा एकच दागिना. सोनं-चांदी इथेच काढून घेतात, गोंदण चितेपर्यंत जातं. गोंदण नसलेली बाई वर गेली तर यम तिला तापल्या सळईनं डागतो, ही समजूत मध्य भारतातल्या गोंड-बैगांपासून आपल्याकडच्या पाड्यांपर्यंत सगळीकडे ऐकू येते. माओरी म्हणतात ही विद्या पाताळातून वर आली, आपल्या आज्या म्हणतात ती आपल्याबरोबर तिकडे जाणार. मरणाच्या उंबरठ्यावर आपली माणसं आपल्याला ओळखतील, हा भरवसा दोन्हीकडे तोच.

या श्रद्धेमागे या मुलखाचा इतिहासही उभा आहे. ठाण्याच्या डोंगरांत वेठबिगारी होती, सावकारी होती. भात सावकाराच्या खळ्यावर जायचा, भांडी गहाण पडायची. गोंदण मात्र गहाण पडत नसे. आणि सावकार नसलेल्या घरांतही तेच. नवरा गेला की बाईचं कुंकू पुसलं जाई, बांगड्या फोडल्या जात, मंगळसूत्र उतरवलं जाई. कपाळावरचा गोंदलेला ठिपका कुणाला पुसता आला नाही. लिहिता-वाचता न येणाऱ्या कितीतरी बायकांच्या मनगटावर नवऱ्याचं नाव आहे, जे तोंडानं घ्यायचं नाही असा संकेत होता. उखाण्याशिवाय न उच्चारलेलं नाव आयुष्यभर हातावर वागवणं, ही केवढी मोठी गोष्ट आहे!

गोंदणाचं आणखी एक काम होतं, दुखण्यावर इलाज. गुडघा धरला, खांदा भरून आला की सांध्याभोवती ठिपके टोचून घ्यायची रीत होती. याला भाबडेपणा म्हणण्याआधी आल्प्स पर्वतातल्या एका माणसाची गोष्ट ऐका. १९९१ साली इटली-ऑस्ट्रिया सीमेवरच्या बर्फात सुमारे ५,३०० वर्षांपूर्वीचा मृतदेह सापडला. त्याचं नाव ठेवलं ओत्झी. त्याच्या अंगावर ६१ गोंदणं आहेत, सगळ्या साध्या रेघा आणि फुल्या. त्यांतल्या बऱ्याचशा कंबर, गुडघे आणि घोटे यांच्यापाशी, म्हणजे जिथे त्याची हाडं झिजलेली होती तिथेच. आपल्या आजीच्या गुडघ्यावरचे ठिपके आणि ओत्झीच्या रेघा यांच्यामध्ये पाच हजार वर्षं आहेत.

काजळी हिरवी का दिसते?

आता कातडीच्या आत जाऊ. आपल्या त्वचेचा वरचा थर साधारण महिनाभरात नवा होतो. जुन्या पेशी झडतात, खालून नव्या येतात. मेंदी म्हणूनच टिकत नाही. गोंदणाची सुई त्या थराच्या खाली, एक-दोन मिलिमीटर खोल, दुसऱ्या थरात रंग सोडते. शरीराच्या दृष्टीनं ही घुसखोरीच. पहारेकरी पेशी धावून येतात आणि काजळीचे कण गिळतात. पण हे कण त्यांना पचत नाहीत. पेशी पोटात काजळी घेऊन तिथेच बसून राहतात. आपल्याला दिसतं ते गोंदण म्हणजे काजळी गिळून बसलेल्या लाखो पेशींची रांग.

मग त्या पेशी मेल्यावर काय? २०१८ मध्ये फ्रान्सच्या मार्सेय शहरातल्या संशोधकांनी उंदरांवर प्रयोग करून याचा उलगडा केला. म्हातारी पेशी मरते, तिच्यातला रंग बाहेर सांडतो आणि शेजारी आलेली नवी पेशी तो लगेच उचलून गिळते. जागा तीच, रंग तोच, राखणदार नवा. आज आजीच्या हातावरची तुळस ज्या पेशींनी धरून ठेवली आहे, त्या तिच्या लहानपणीच्या नाहीत. साठ वर्षांत पेशींच्या पिढ्यामागून पिढ्यांनी ती तुळस एकमेकींच्या स्वाधीन केली. परंपरा शरीराच्या आतसुद्धा अशीच चालते, हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा अंगावर काटा आला.

आणि रंगाचं काय? काजळी तर काळी, मग जुनं गोंदण हिरवट-निळं का दिसतं? प्रकाश त्वचेतून आत शिरताना विखुरतो. तांबडा भाग खोलवर जाऊन काजळीत शोषला जातो, निळा भाग वरच्यावरच विखरून आपल्या डोळ्यांकडे परत येतो. काळ्या कणांवर त्वचेचा पडदा आला की ते निळसर दिसतात, सावळ्या-पिवळसर त्वचेतून पाहिले की हिरवट. आपल्या बोलण्यातलं ‘हिरवं गोंदण’ हे असं कातडी आणि उजेड यांनी मिळून रंगवलेलं आहे.

डोंबिवलीच्या स्टुडिओत आज हेच काम विजेवर होतं. न्यूयॉर्कच्या सॅम्युएल ओरायलीनं १८९१ साली गोंदायच्या विजेच्या यंत्राचं पेटंट घेतलं, तेही एडिसनच्या विजेच्या लेखणीवरून सुचलेलं. आता मिनिटाला हजारो वेळा खाली-वर होणारी सुई, छापून घेतलेलं रेखाटन, हातमोजे, एकदा वापरून फेकायच्या सुया. या शेवटच्या गोष्टीवर कधीही तडजोड करू नका. एकाच सुईनं अनेकांना टोचलं तर कावीळ बी, कावीळ सी आणि एचआयव्ही पसरू शकतात. जत्रेत यंत्र घेऊन बसलेल्या माणसाला नवी सुई समोर फोडायला सांगणं हा आपला हक्क आहे. कारागिरी वेगळी, खोली वातानुकूलित, पण कातडीच्या आत घडतं ते ओट्यावर घडायचं तेच.

भिंतीला कागद मिळाला

बाहेर मात्र एक विचित्र उलथापालथ चाललेली आहे. ठाण्यात तरुण मुलं नवं गोंदवून घ्यायला रांग लावतात आणि त्याच शहरात त्वचारोगतज्ज्ञांकडे बायका कपाळावरचं जुनं गोंदण लेझरनं काढून टाकायला येतात. शाळेत, नोकरीत, बिल्डिंगमधल्या शेजारणींत ते ‘अडाणीपणाचं’ ठरलं. आयांनी मुलींना गोंदवलं नाही, कारण मुलींनी ते टोमणे ऐकू नयेत. या आयांना कोण दोष देईल?

न्यूझीलंडमध्येही हेच घडलं होतं, आणि त्याहून भीषणही. १८२०च्या दशकात युरोपियनांना मोको कोरलेली, जपून ठेवलेली मुंडकी हवी होती आणि टोळ्यांना बंदुका. मुंडक्यांचा बाजार सुरू झाला. १८३१ मध्ये सिडनीच्या ब्रिटिश गव्हर्नरनं त्यावर बंदी घातली, तोवर पुष्कळ शिरं परदेशी संग्रहालयांत गेली होती. वेलिंग्टनचं ‘ते पापा’ हे राष्ट्रीय संग्रहालय २००३पासून ती एकेक करून मायदेशी आणत आहे. फ्रान्सच्या रूआं शहरातल्या संग्रहालयानं आपल्याकडचं शिर २०११ साली परत दिलं. चेहऱ्यावर मोको घेणारे पुरुष हळूहळू संपले. म्हाताऱ्या बायकांच्या हनुवटीवर तो तगून राहिला. छिन्नीची जागा तोवर एकत्र बांधलेल्या सुयांनी घेतली होती, अगदी आपल्या गोंदणारीसारखी.

मग १९७०च्या सुमारास इतिहासकार मायकेल किंग आणि छायाचित्रकार मार्टी फ्रीडलँडर गावोगाव फिरले. हनुवटीवर मोको असलेल्या या वृद्ध स्त्रियांशी ते बोलले, त्यांची छायाचित्रं घेतली. १९७२ मध्ये त्यांचं ‘मोको’ हे पुस्तक आलं. तेव्हा अनेकांना वाटलं, ही शेवटची पिढी. पण त्याच दशकात माओरी तरुणांनी आपली भाषा आणि जमीन यांसाठी चळवळ उभारली आणि आज्यांच्या हनुवट्यांकडे नातींचं लक्ष गेलं. २०१६ मध्ये नानाया माहुता हनुवटीवर मोको घेऊन न्यूझीलंडच्या संसदेत बसल्या. २०२० मध्ये त्या देशाच्या परराष्ट्रमंत्री झाल्या. २०२१ च्या नाताळात ओरीनी काइपारा यांनी संध्याकाळच्या मुख्य बातम्या दिल्या, हनुवटीवर मोको असलेल्या चेहऱ्यानं. विझणारी गोष्ट पुन्हा पेटवता आली, कारण कुणीतरी वेळेवर म्हाताऱ्यांपाशी जाऊन बसलं होतं.

आपल्याकडेही असं एकदा घडलेलं आहे, आणि तेही याच जिल्ह्यात. पालघर जिल्हा २०१४ मध्ये वेगळा झाला, त्याआधी डहाणू ठाणे जिल्ह्यातच होतं. वारली सवाशिणी लग्नघराच्या भिंतीवर तांदळाच्या पिठानं चौक काढत. लग्न उरकलं, पाऊस आला की चित्र पुसट व्हायचं. १९७०च्या दशकात चित्रकार भास्कर कुलकर्णी तिथे गेले, त्यांनी कागद आणि रंग दिले. गंजाडच्या जिव्या सोमा म्हसे यांनी ती चित्रं जगभर नेली, २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. आज ठाण्याच्या रेल्वेस्थानकापासून सोसायटीच्या कुंपणापर्यंत त्रिकोणी वारली माणसं नाचताना दिसतात. भिंतीला कागद मिळाला. त्याच घरातल्या बाईच्या हाताला मात्र मिळाला नाही.

इतर प्रांतांत हातालाही तो मिळाला. बिहारमध्ये मधुबनीजवळच्या जितवारपूरच्या चानो देवींनी गोदन्याच्या नक्षीवरून चित्रांची एक स्वतंत्र शैली उभी केली. छत्तीसगडच्या सरगुजा भागात बायका अंगावर गोंदायच्या आकृत्या आता साडी-दुपट्ट्यावर रंगवतात आणि त्यावर संसार चालवतात. तेच मुरबाड-शहापूरमध्ये का होऊ नये?

माओरी बँडचं काय करायचं?

तो बसमधला मुलगा चुकला का? मला तसं वाटत नाही. त्याच्या वयाच्या मुलांनी अभिनेता ड्वेन जॉन्सनच्या खांद्यावरची समोअन नक्षी पाहिलेली असते, ‘मोआना’ चित्रपटातल्या माउईची हलती-बोलती गोंदणं पाहिलेली असतात. अंगावर कायमचं काहीतरी असावं, त्याला अर्थ असावा, ही ओढ खरी आहे. म्हणून तर इथल्या स्टुडिओत ‘आई’ ही अक्षरं, महादेवाचा त्रिशूळ आणि शिवरायांची राजमुद्रा गोंदवून घेणारे इतके येतात. ‘कुणाची तू, कुणाचा तू’ याचं उत्तर देण्याचीच ही धडपड.

फक्त ‘माओरी’ नावानं अल्बममध्ये जे दिसतं ते बहुतेक वेळा तीन-चार बेटांची सरमिसळ असतं. ओळखायला सोपं आहे. वळणदार वेटोळी, उलगडणाऱ्या नेचासारखी, असतील तर ती माओरी. सरळ रेघा, त्रिकोणांच्या आणि टोकांच्या ओळी शिस्तीत लावलेल्या असतील तर समोआ. मोठे काळे ठोकळे आणि त्यांत डोळे, चेहरे, माणसांच्या आकृत्या असतील तर मार्क्वेसस बेटं. माओरी कलावंतांनी बाहेरच्यांसाठी एक मोकळी वाटही ठेवली आहे. कूळ सांगणारा मोको फक्त त्या कुळाचा. ज्यांचं ते कूळ नाही, त्यांच्यासाठी त्याच शैलीतली पण वंशावळ नसलेली नक्षी, तिला ते किरीतुही म्हणतात. डोंबिवलीतल्या गिऱ्हाइकानं आणि कारागिरानं एवढं समजून घेतलं तरी बारा हजार किलोमीटरवरच्या माणसांचा मान राखला जाईल. दुसऱ्याच्या आजोबांचं नाव आपण आपल्या सातबाऱ्यावर लावत नाही. दुसऱ्याचा मोको अंगावर घ्यायचा नाही, याचं कारण तेच.

आपल्या सैन्यानंही हा फरक ओळखला आहे, हे कमी जणांना ठाऊक असतं. सैन्यभरतीत कोपरापासून मनगटापर्यंत हाताच्या आतल्या बाजूला आणि पंज्याच्या मागच्या बाजूला असलेलं कायमचं गोंदण चालतं, इतरत्र चालत नाही. आदिवासी उमेदवारांना मात्र त्यांच्या जमातीच्या रीतीनुसार असलेल्या गोंदणाची मुभा आहे. म्हणजे ही नुसती हौस नाही, ही समाजाची ओळख आहे, हे कागदोपत्री मान्य झालेलं आहे. घरात ते मान्य व्हायचं राहिलं आहे.

त्यासाठी फार मोठी सोय लागत नाही. ज्यांच्या घरी गोंदलेली आजी, आत्या, मावशी आहे, त्यांनी एक दिवस वही घेऊन तिच्यापाशी बसावं. तिची परवानगी घेऊन हाताचे, कपाळाचे फोटो काढावेत, नक्षी कागदावर उतरवावी. विचारावं: कुणी गोंदलं? कितव्या वर्षी? शेजारी कोण बसलं होतं? ही नक्षी तुमच्यात काय म्हणून ओळखतात? दुखलं तेव्हा कुठलं गाणं म्हटलं? कल्याण-डोंबिवलीतल्या शाळांनी आणि महाविद्यालयांनी हा प्रकल्प मुलांना दिला, तर दोन-तीन वर्षांत ठाणे जिल्ह्याच्या गोंदणाचा एक मोलाचा संग्रह उभा राहील. इथल्या कुशल टॅटू कारागिरांनी मुरबाडच्या बायकांबरोबर बसून, त्यांना श्रेय आणि मोबदला देऊन, त्यांच्या नक्षीचा एक अल्बम केला तर माओरी बँडच्या पानाशेजारी ठाकरी तुळशीचं पान उघडेल, आणि निवडणाऱ्याला ते कुणाचं आहे हे ठाऊक असेल.

वेळ थोडा आहे, कारण पेशी जशा रंग पुढच्या पेशीच्या स्वाधीन करतात तशा माणसाच्या पिढ्या आपोआप करत नाहीत. माणसांना विचारावं लागतं, ऐकावं लागतं, लिहून ठेवावं लागतं. न्यूझीलंडनं ते १९७२ मध्ये केलं, म्हणून २०२१ मध्ये त्याला फळ आलं. आपल्या आज्या आज सत्तर-ऐंशीच्या आहेत. येत्या सुट्टीत गावी जाल तेव्हा ही विचारपूस कराच.